घरची चाल

'हलती रेघ' स्टुडिओत इंटर्नशिप संपवून जाणाऱ्या मुलाला प्रशस्तिपत्र मेलवर यायचं आणि ते कोणी उघडूनही बघत नसे. खरा निरोप वेगळाच असायचा. शेवटच्या दिवशी दुपारी, उद्यमनगरातल्या त्या जुन्या फाउंड्रीच्या शेडमध्ये, सगळे जण हातातली कामं टाकून पडद्यासमोर जमायचे. मधोमध भडंगाची परात ठेवली जायची. आणि जाणाऱ्यानं आपल्या घरच्या एका माणसाची चाल दाखवायची. नुसती चाल. चेहरा कोरा, अंगावर कपडे नाहीत, मागे घर नाही की रस्ता नाही. व्हिडिओ बघून काढायची नाही, फोटो समोर ठेवायचा नाही, आठवणीतून काढायची. बघणाऱ्यांनी मग ओळखायचं, हा माणूस कोण, काय काम करतो, याला कुठे दुखतं, हा कशाच्या जोरावर ताठ आहे.

ओळखलं गेलं की टाळ्या. मग मुलानं त्या माणसाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं, चार शब्द बोलायचे. बोलता बोलता बहुतेकांचा आवाज ओला व्हायचा आणि कोणीतरी भडंगाची मूठ पुढे करायचं. याला तिथं 'निरोपाची चाल' म्हणत.

आर्वी पोवारच्या निरोपाच्या दिवशी पडद्यावर एक माणूस चालू लागला आणि भडंग खाणारे हात थांबले. बुटका, रुंद खांद्याचा माणूस. पायात तेवढी चप्पल. उजवा हात मोकळा झुलत होता. डावा मात्र कोपरात वाकून अंगाशी चिकटलेला, तसूभर हलत नव्हता. उजवं पाऊल ठाम पडायचं आणि डावं मागून जरासं घासत यायचं.

"डाव्या खांद्यावर वजन वाहिलंय यानं," रंग करणारा नचिकेत म्हणाला. "वर्षानुवर्षं."

"आता वजन नाहीये, पण हाताला अजून ते पटलेलं नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"उंचावर काम करतो. पाऊल टाकताना बघा, आधी चाचपतोय."

"आणि मुलगी लाडाची आहे," नचिकेत म्हणाला. सगळे हसले, आर्वीही हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"माझे पप्पा," ती म्हणाली. "रणजित पोवार. आमचं कडगाव, गडहिंग्लजजवळ. हाय टेन्शन लाईनच्या टॉवरवर चढतात, वायरमन आहेत. दोराचं भेंडोळं कायम डाव्या खांद्यावर. घरी आल्यावर दोर खुंटीला अडकवतात, पण हात तसाच राहतो. माझ्या मावशीच्या लग्नात सूट घातला होता, तरी असेच चालत होते."

शेड टाळ्यांनी दणाणून गेली. आखूड केसांची, पन्नाशीकडे झुकलेली मृणालताई सरनाईक पुढे आली. हा स्टुडिओ तिनंच उभा केला होता आणि इथं येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती स्वतः शिकवायची. तिनं आर्वीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"काढतात सगळेच," ती म्हणाली. "तुला दिसतं. पहिल्या तारखेपासून ये. इंटर्न म्हणून नाही, आपली म्हणून."

आर्वीला वाटलं, आयुष्यात याहून चांगली दुपार पुन्हा यायची नाही. ते एका अर्थी खरंच ठरलं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. चित्रं काढायला आता माणूस लागत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. यंत्राला सांगा, ते अख्खा सिनेमा काढून देतं. जंगल, लढाई, लग्नाची वरात, हवं ते. पण यंत्रानं चालवलेली माणसं सगळी एकाच शाळेत चालायला शिकल्यासारखी चालतात. कोट्यवधी चाली पचवून त्यानं त्यांची सरासरी काढलेली असते, आणि सरासरीचा माणूस जगात कुठेच राहत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याचा जीव रमत नाही. म्हणून एकेका माणसाची चाल जिला किंवा ज्याला दिसते, अशी मुलं स्टुडिओंना अजून लागत होती.

या मुलांनी थोडीच चित्रं काढायची. पाऊल उचलताना, टेकताना, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. पुढचं काम 'सांगाडा' नावाचा प्रोग्रॅम करायचा. तो त्या रेघांच्या आत हाडं बसवायचा, हाडांवर स्नायू चढवायचा आणि गणित मांडायचा, की एवढ्या वजनाचं शरीर असं हलायचं तर कुठल्या स्नायूनं केव्हा आणि किती जोरानं ओढलं पाहिजे. चेंडू कसा गेला यावरून तो किती जोरानं फेकला ते काढता येतं, तसलाच हा प्रकार. एकदा स्नायू कळले की त्या माणसाला जिना चढवा, पळवा, दमवा. तो सगळं आपल्याच ढंगात करणार.

आता स्नायू ओढतो कोणाच्या हुकमानं? मज्जातंतूंच्या. म्हणजे चालीवरून स्नायू वाचता आले तर स्नायूंवरून मेंदूपर्यंत जाता येतं. चालताना एका बाजूचा हात हलेनासा होणं ही कंपवाताची फार लवकरची खूण असू शकते, हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीची. सिनेमावाल्यांना या माहितीचं काही देणंघेणं नव्हतं. विमेवाल्यांना होतं.

विमेवाल्यांनी जोखमीच्या कामांच्या ठिकाणी, थेट फाटकातच, चाल मोजणारे कॅमेरे बसवून आता बरीच वर्षं झाली होती. फाटकातून चालत जायचं, वर हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर घरी. विमा नाही तर काम नाही. मग माणसं काय करणार? फाटकाजवळ येताच सरळ व्हायची. छाती पुढे, मान ताठ, दोन्ही हात लयीत. कोल्हापुरात चालण्याचे क्लास निघाले, त्यातल्या एकाच्या बोर्डावर तर 'आठवड्यात हिरवा दिवा' असं छातीठोकपणे लिहिलं होतं. लोकांच्या बोलण्यात दोन शब्द रुळले, एक 'फाटकाची चाल' आणि दुसरा 'घरची चाल'.

रणजित पोवारही फाटकात हात हलवत जायचे. सुट्टीत घरी आली की आर्वी त्यांची फाटकाची चाल करून दाखवायची आणि आई हसून हसून खाली बसायची. "हस बाई, हस," ते म्हणायचे, "ह्या हातानं घर चालतंय."

फाटकाला खरी चाल दिसत नाही हे विमेवाल्यांनाही एव्हाना कळून चुकलं होतं. घरची चाल घरच्यांनाच ठाऊक. ती बाहेर आणायची कशी, या विवंचनेत ते होते. त्यांचं उत्तर उद्यमनगरात भडंगाच्या परातीशेजारी बसलेलं असायचं आणि आपण होऊन नाव, गाव, काम सगळं सांगायचं.

आर्वीनं पप्पांची ती चाल काढायला घेतली तेव्हाची गोष्ट. पावलांची लय तिनं कानांनी पकडली होती. लहानपणी संध्याकाळी ती दारात गृहपाठ करत बसायची आणि तिचे कान बोळाकडे लागलेले असायचे. टप, सर्र. टप, सर्र. उजवी चप्पल ठाम, डावी घासत. तो आवाज आला की पप्पा टॉवरवरून सुखरूप उतरले, घरी आले. मग गणितं सुटायची.

हात मात्र जमत नव्हता. मृणालताई मागे येऊन उभी राहिली.

"हा डावा हात किती हलतो?"

"थोडा हलतो ताई. अगदीच धरून नसतात ते."

"मग पडद्यावर का हलवतेस?"

"हलतो म्हणून."

"आर्वी, आपण मापं घेणारे शिंपी नाही. बघणाऱ्याला दुसऱ्या पावलाला कळलं पाहिजे. वाढव."

आर्वीनं हात आणखी जखडला. ताईनं बघितलं आणि मान हलवली. "अजून."

तिनं हात पार अंगाला चिकटवला. आणि काय सांगावं, पडद्यावर पप्पा उभे राहिले! मोजून मापून काढलेल्या चालीत ते कुठेच नव्हते, या खोट्या चालीत होते. खरं दिसावं म्हणून थोडं खोटं काढायचं, ही या धंद्यातली पहिली शिकवण; जो काढतो त्याला ठाऊक असतं, जो बघतो त्यालाही कुठेतरी ठाऊक असतं. सांगाड्याला मात्र ठाऊक नव्हतं. त्याला रेघ म्हणजे रेघ.

निरोप होऊन आठवडा उलटला असेल. आर्वी हॉस्टेल सोडून नव्या खोलीत सामान लावत होती. भर दुपारी पप्पांचा फोन आला. दुपारी ते कधी फोन करत नसत, कारण दुपारी ते जमिनीवर नसायचे.

"आरू, कुठं हाईस?"

"खोलीवर. तुम्ही ड्युटीवर नाही?"

"घरातच हाय. माझं टॉवरवर चढायचं बंद केलंय."

"का? काय झालं?"

"सेफ्टीच्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणले, कंपवाताची सुरुवात दिसालीय. विमा लाल झालाय तुमचा. मी म्हटलं, साहेब, फाटक तर रोज हिरवं दाखवतंय की. तर म्हणले, फाटकाचं सोडा पोवार, आमच्याकडं तुमची घरची चाल आलीय."

हातातली उशी आर्वीनं तशीच छातीशी धरली.

"स्क्रीनवर लावून दाखवली मला," पप्पा सांगत होते. "नुसत्या रेघा. तोंड न्हाई, काय न्हाई. पण मीच चाललोतो. कुठनं आली, कुणी दिली, काय सांगंनात. पण आरू, मी चप्पल वळखली. चपलेचा अंगठा तू पहिल्यापासनं असा उभा काढतीस, जरा जादाच वर. शाळंच्या वहीत पण तसाच काढायचीस. ती चप्पल दुसऱ्या कुणाच्या हातची न्हवं." ते थांबले. "तू काढलंस काय गं ते?"

"हो पप्पा. पण मी ते..."

"मला सांगायचंस तरी. मी नीट चाललो असतो की तुझ्यासमोर."

आर्वीला सांगायचं होतं की पप्पा, तुम्ही नीटच चालता, मी तुम्हाला वाढवून काढलंय, जीव लावून वाढवलंय. पण फोनवर ते सगळं कसलं तरी गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाटलं असतं.

"मी बघतो पप्पा, मी आत्ता जातो तिकडं," ती म्हणाली. एरवी ती स्टुडिओत शहरातल्या मुलींसारखी 'बघते, जाते' म्हणायची, पण घरच्यांशी बोलताना गावाकडचं 'बघतो, जातो' आपोआप तोंडी यायचं.

"बघ काय होतंय ते," ते म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा थांबले. "चित्र मात्र एक नंबर आलंय."

तिथं आर्वीला रडू फुटलं.

स्टुडिओत पोचेपर्यंत रडू आटलं होतं. मृणालताई आपल्या काचेच्या केबिनमध्ये कोणाची तरी चित्रं बघत होती. आर्वीनं दार लावून घेतलं.

"ताई, पप्पांची चाल विमा कंपनीकडे कशी गेली?"

ताईनं हातातलं पेन खाली ठेवलं. नाकारायचं असतं तर तिनं चटकन तोंड उघडलं असतं. "बस," ती म्हणाली.

"नाही बसत."

"सगळ्यांच्या जातात," ताई शांतपणे म्हणाली. "सिनेमे किती येतात आता आपल्याकडे, तू बघितलंस ना? तुम्हा पोरांना वाटतं त्यावर ही शेड चालते. शेड चालींच्या संग्रहावर चालते."

"मग निरोपाची चाल, तो ओळखायचा खेळ, टाळ्या? ते सगळं नाटक?"

"नाटक नाही गं. ती प्रथा खरी आहे. या शेडमधली पहिली चाल मीच काढली होती, माझ्या आईची. तेव्हा विकत कोणी घेत नव्हतं."

"आणि आता घेतात, म्हणून तुम्ही नावं विचारायला लागलात? नाव, गाव, काम, दोर कुठल्या खांद्यावर. मी रडत रडत सांगत होते आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवत होता. तेव्हा ते रेकॉर्ड होत होतं?"

मृणालताईनं समोरची चित्रं सारखी करून ठेवली. काचेपलीकडे नचिकेत मान वर करून बघत होता. त्यानं घाईनं मान खाली घातली. त्यालाही माहीत होतं तर. कदाचित सगळ्यांनाच माहीत होतं आणि तरी सगळ्यांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, आर्वीच्या मनात आलं. परक्यानं फसवलं असतं तर ती भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, घरी जाऊन जेवली असती. पण इथं जिनं तिला बघायला शिकवलं त्याच बाईनं तिचे डोळे भाड्यानं दिले होते. आणि त्या डोळ्यांनी काय बघावं, तर स्वतःचा बाप.

"तो हात मी वाढवलाय, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, वाढव. अजून वाढव, म्हणालात."

"सांगाड्याला वाढवलेलं कळत नाही."

"तुम्हाला कळतं!"

ताईनं खिडकीकडे तोंड केलं. "मला वाटलं, त्यांच्या हजारो चालींत एक जाईल. कोणी इतकं एकेका माणसापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं की वाटून घेतलं नव्हतं?"

ताईनं खिडकीची कडी उगाच खाली-वर केली.

"त्यांना फोन करा," आर्वी म्हणाली. "सांगा, आम्ही वाढवून काढतो."

"असं मी सांगितलं की तुझ्या वडिलांची एक चाल जात नाही, अख्खा संग्रह जातो. शेड जाते. इथली सगळी माणसं रस्त्यावर येतात." ताई वळली. आता तिचा आवाज शिकवतानाचा झाला होता, समजुतीचा. "एक मार्ग आहे. तू सांग. इंटर्न होते, हात कच्चा होता, काढताना चुकलं. तेवढी एक चाल ते बाद करतील, वडील पुन्हा कामावर जातील. फक्त मग मला तुला इथं घेता येणार नाही. ज्या पोरीचं काम चुकीचं म्हणून बाद झालं तिला कशी ठेवलीस, असं विचारतील."

आर्वीनं तिच्याकडे बघितलं. म्हणजे आयुष्यातलं आपलं सगळ्यात चांगलं काम वाईट म्हणायचं, आणि तेही हिच्यासमोर, जिनं ते चांगलं म्हटलं होतं. पण तिकडे पप्पा भर दुपारी घरात बसले होते.

"लावा फोन," ती म्हणाली.

पडद्यावर विमा कंपनीचा डॉक्टर आला. केळुसकर नावाचा, तरुण, नम्र. खलनायकासारखा अजिबात दिसत नव्हता. त्याच्या मागे भिंतीवर लहान मुलाची चित्रं लावलेली होती. पडद्याच्या एका कोपऱ्यात त्यानं पप्पांची चाल थांबवून लावली होती.

"पोवारांची चाल तुम्ही काढलीत?" त्यानं विचारलं. "मॅडम म्हणतायत, तुमच्याकडून काही चूक झाली."

मृणालताई बाजूला उभी होती. आर्वीनं तोंड उघडलं, आणि ठरवून आणलेलं वाक्य तिच्या जिभेवर येईना.

"नाही," ती म्हणाली. "चूक अजिबात झालेली नाही."

"आर्वी," ताई हलकेच म्हणाली.

"माझ्या वडिलांचा डावा हात हलतो, डॉक्टर. कमी हलतो, कारण त्या खांद्यावर आयुष्यभर दोर आहे. मी चित्रातला दोर काढून टाकला, कारण बघणाऱ्यांनी तो ओळखायचा असतो. आणि हात पूर्ण बंद केला, कारण मला तसं शिकवलंय. इथं आजी काढली की तिचं पोक वाढवतात. भाऊ लंगडत असेल तर जास्त लंगडतो. इथली एकूण एक चाल अशी आहे, आणि ज्यात सगळ्यात जास्त वाढवलंय ती सगळ्यात चांगली, असं आम्ही मानतो. त्यावरून तुम्ही आजार ठरवताय?"

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा नम्रपणा जाऊन तिथं घाबरलेपणा आला होता. कितीतरी लाल दिवे त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. "मॅडम," त्यानं विचारलं, "हे खरं आहे?"

मृणालताईला अजून वाचता आलं असतं. पोरगी रागावलीय, वाटेल ते बोलतेय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं पडद्यावरच्या त्या थांबलेल्या बुटक्या माणसाकडे बघितलं, त्याच्या चपलेच्या उभ्या अंगठ्याकडे बघितलं.

"चांगली काढते ती," ती म्हणाली. "मी शिकवलेल्यांत सगळ्यात चांगली." आणि केबिनमधून बाहेर निघून गेली.

विमा कंपनीनं संग्रह बाद केला. रणजित पोवारांना कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं, लिहायला लावलं, डोळे मिटून उभं केलं, मनगटं फिरवून बघितली, तपासणीच्या यंत्रात झोपवलं आणि सांगितलं की यांना कंपवात नाही, यांना दोराची सवय आहे. लाल झालेला विमा पुन्हा हिरवा झाला. पप्पा टॉवरवर परत चढले. त्यांच्यासारखी आणखीही बरीच माणसं कुठे कुठे कामावर परतली असणार. आधीच्या काही इंटर्ननी आर्वीला फोन करून आभार मानले. उद्यमनगरातल्या शेडला महिन्याभरात कुलूप लागलं, तेव्हा नचिकेतनंही फोन केला होता, पण तो आभार मानायला नव्हता. त्यानं जे सुनावलं ते तिनं ऐकून घेतलं. मृणालताईचा फोन आला नाही. आर्वी त्या फोनची वाट बघत होती, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

सामान बांधून ती कडगावला आली. आईनं दृष्ट काढली, घावन घातले, इकडचं तिकडचं बोलली. संध्याकाळ झाली तशी आर्वी दारातल्या पायरीवर जाऊन बसली, लहानपणी बसायची तिथंच. बोळ रिकामा होता. समोरच्यांची म्हैस रवंथ करत होती.

मग आवाज आला. वळणापलीकडून, अजून माणूस दिसत नव्हता. टप, सर्र. टप, सर्र. आर्वीचं सगळं अंग सैल झालं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. सुखरूप उतरले, आले.

पप्पा वळणावर आले. खांद्यावर दोराचं भेंडोळं. त्यांना पायरीवर लेक दिसली, ते हसले. आणि हसता हसता त्यांनी भेंडोळं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या काखेत घेतलं, छाती पुढे काढली, आणि डावा हात लयीत हलवत येऊ लागले. टप, टप. टप, टप. सरळ, मोजून मापून, अगदी हिरव्या दिव्यासारखे.

"कवा आलीस?" त्यांनी दारात येऊन विचारलं.

"दुपारी." आर्वी उठून उभी राहिली. "पप्पा, मी आता काय काढत नाही."

"माहीत हाय की."

"डॉक्टरांनी पण सांगितलंय, तुम्हाला काही नाही."

"व्हय. ठणठणीत हाय मी."

"मग हात कशाला हलवताय?"

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसं. "मुद्दाम न्हाई गं," ते म्हणाले. "तू दिसलीस की आपसूक हलतोय." मग जरा वेळानं, तिच्या डोळ्यांकडे न बघता, ते म्हणाले, "तू लहान हुतीस तवा माझ्याकडं टक लावून बघत बसायचीस. मला बरं वाटायचं. आता तू बघालीस की फाटकातनं चाललोय असं वाटतंय. तुझा दोष न्हाई बाळ. जाईल हळूहळू."

जाणार नाही, हे आर्वीला कळलं. तिला दिसायचं ना, तिला ते दिसलं. त्यांची ती चाल आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, तिनं वाढवून काढलेल्या चित्रात, आणि ते चित्र तर बाद झालं होतं. मृणालताईनं, विमेवाल्यांनी, सांगाड्यानं, कोणी कोणी तिचं काय काय नेलं याचा हिशेब तिनं मनात पुष्कळ वेळा मांडला होता. हे त्यात धरलेलंच नव्हतं.

"शीतल, चहा टाक," पप्पांनी आत आईला हाक मारली. परसात नळावर हातपाय धुवायचे, मग स्वयंपाकघरात येऊन चहा घ्यायचा, हा त्यांचा रोजचा रिवाज.

आर्वी आत गेली. आईच्या हातातली लसणाची परडी तिनं ओढून घेतली आणि दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली. आईनं लेकीचा चेहरा बघितला आणि चहाचं आधण ठेवलं.

नळ बंद झाला. परसातून पावलं निघाली. टप, टप. उंबऱ्याशी आली आणि थांबली. ते आपल्या पाठीकडे बघतायत हे आर्वीला पाठीला कळलं. तिनं मान आणखी खाली घातली आणि पाकळी सोलायला घेतली. सोललेली पाकळी वाटीत टाकली, दुसरी घेतली.

पावलं पुन्हा निघाली. टप, टप. मग एक पाऊल जरा अडखळलं.

टप, सर्र. टप, सर्र.

तिचे डोळे भरून आले, समोरची भिंत दिसेनाशी झाली. आर्वी लसूण सोलत राहिली. तिनं मागे वळून बघितलं नाही.